सात दिवसांच्या बाळासाठी रोजी का मागायची?

प्रश्न : आमच्या शेजारच्या मुस्लिम कुटुंबात मुलगा जन्मला. सातव्या दिवशी अकीका होता, आम्हालाही आग्रहाने बोलावले होते. बाळाचे जावळ काढले, नाव ठेवले. मग बाळाच्या पणजीने त्याच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ दुआ मागितली. त्यातले 'बरकत' आणि 'रिज्क' हे दोनच शब्द माझ्या कानाला लागले. घरी आल्यावर मनात तीन शंका आल्या. ज्याला अजून मानही धरता येत नाही त्याच्यासाठी रोजी कसली मागायची? माणसाची रोजी जन्माआधीच लिहिलेली असते असे त्यांच्यात मानतात ना, मग मागून काय उपयोग? आणि यासाठी ठरलेली अशी एखादी प्रार्थना असते का? त्यांना विचारायचा संकोच वाटला, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.
(एक वाचक भगिनी, चिपळूण)

उत्तर : ताई, तुमच्या कानाला लागलेले दोन शब्द नेमके पकडले आहेत तुम्ही. सगळ्या दुआचा जीव त्यांतच आहे. म्हणून आधी ते समजून घेऊ, शंकांकडे मग वळू.

'रिज्क' म्हणजे माणसाला जगवण्यासाठी जे जे मिळते ते. अन्न, पाणी आणि कमाई तर त्यात आलीच. पण विद्या, आरोग्य, चांगला जोडीदार, भली संगत हेही रिज्कच मानले जाते. अल्लाहच्या नावांपैकी एक नाव 'अर्-रज्जाक' आहे, म्हणजे रिज्क देणारा. तेव्हा पणजीने रिज्क मागितली ती पगाराच्या आकड्यापेक्षा बरीच मोठी गोष्ट आहे. बाळाच्या तोंडात पडणारा दुधाचा थेंबही तिच्या हिशेबात रिज्क आहे. त्यामुळे सात दिवसांच्या बाळाला रोजी कशाला, हा प्रश्न तिला पडत नाही. त्याची रोजी केव्हाच सुरू झालेली असते.

'बरकत' हा शब्द तर आपल्या मराठीने कधीच घरचा करून टाकला आहे. पगार वाढला तरी बरकत नाही, तिच्या हाताला बरकत आहे, असे आपण रोज बोलतो. अरबीत या शब्दाच्या मुळाशी उंट बसण्याची क्रिया आहे. उंट गुडघे टेकून बसला की जागचा हलत नाही. त्याच मुळापासून पाणी साठून राहते त्या तळ्यालाही शब्द आला. टिकून राहणारे आणि पुरवठ्याला येणारे भले ते बरकत. रिज्क म्हणजे किती आले, आणि बरकत म्हणजे आलेले किती पुरले, कोणाच्या उपयोगी पडले. पहिली मागून दुसरी न मागणे म्हणजे पाणी मागून भांडे विसरणे. म्हणून त्या पणजीच्या तोंडी दोन्ही शब्द एकत्र आले.

आता तुमची पहिली शंका. लहान मुलासाठी अशी दुआ मागण्याची रीत थेट मदिनेपर्यंत जाते. पैगंबरांच्या पत्नी बीबी आयेशा यांनी सांगितलेली आठवण हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-आठवणींच्या, ग्रंथांत आहे. लोक आपली तान्ही मुले पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे आणत. ते बाळासाठी बरकतीची दुआ मागत आणि खजूर चावून मऊ करून त्याच्या टाळूला लावत. या रिवाजाला 'तहनीक' म्हणतात. (इथे आयांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. काही घरांत खजुराऐवजी मध चाटवतात, आणि हे सगळ्याच धर्मांच्या घरांत चालते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असे डॉक्टर बजावून सांगतात. त्यातून क्वचित का होईना, गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळाच्या बाबतीत डॉक्टरांचे ऐकावे. दुआला मधाची गरज लागत नाही.)

या रीतीतली सर्वांत बोलकी हकीगत आहे उम्मे सुलैम यांची. या मदिनेच्या अन्सारी, म्हणजे पैगंबरांना आसरा देणाऱ्या मदिनेकरांपैकी, बाई. पहिला नवरा वारला, पदरी अनस नावाचा मुलगा. पुढे अबू तलहा यांनी मागणी घातली तेव्हा, तुम्ही इस्लाम स्वीकारा, तोच माझा मेहर (लग्नात वधूला द्यायचा नजराणा), असे उम्मे सुलैम यांनी सांगितले. अशा करारी बाईंनी दहा वर्षांच्या अनसला पैगंबरांच्या सेवेत दिले. एकदा पैगंबर त्यांच्या घरी आले. बाईंनी खजूर आणि तूप पुढे ठेवले. पैगंबरांचा रोजा होता, म्हणून त्यांनी ते परत भांड्यांत ठेवायला सांगितले, घराच्या एका कोपऱ्यात नमाज पढली आणि घरच्यांसाठी दुआ केली. तेव्हा उम्मे सुलैम म्हणाल्या की माझी एक खास मागणी आहे, या तुमच्या सेवक अनससाठी. मग इहलोक-परलोकातले एकही भले पैगंबरांनी मागायचे ठेवले नाही, असे पुढे अनस स्वतः सांगत. संपत्ती आणि संतती मिळावी आणि जे मिळेल त्यात बरकत असावी, असा त्या दुआचा आशय होता.

हजरत अनस पुढे बसऱ्याला स्थायिक झाले आणि खूप दीर्घ आयुष्य जगले. अन्सारांतल्या सर्वांत सधन माणसांपैकी आपण आहोत, असे ते सांगत. त्यांची बाग वर्षातून दोनदा फळे, असा उल्लेख तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहात आहे. त्यांच्याकडून आलेल्या हदीसींची संख्या 2,000 हून अधिक आहे. लहानपणी दहा वर्षे जे पाहिले-ऐकले, त्यावर पुढच्या कितीतरी पिढ्या पोसल्या.

पण याच आठवणीत आणखी एक ओळ आहे, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. अनस यांच्या मुलीने त्यांना सांगितले होते की सुभेदार हज्जाज बसऱ्याला आला तोवर तुमच्या वंशातले 120 हून अधिक जण दफन झालेले आहेत. ज्याच्यासाठी खुद्द पैगंबरांनी दुआ केली, त्याने इतक्या मुलानातवंडांच्या कबरींवर माती टाकली. तरीही आपल्याला मिळालेली दुआ खरी ठरली, असेच ते शेवटपर्यंत मानत राहिले. बरकत म्हणजे दुःख न येणे, असा अर्थ त्यांनी कधी लावला नाही. लेकरासाठी दुआ मागणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे लक्षात ठेवावे. नाहीतर पहिल्याच आजारपणात, आपली दुआ कबूल झाली नाही, असे वाटून मन खचते.

दुसरी हकीगत छोटी आहे. जैनब बिन्त हुमैद या आपल्या लहानग्या अब्दुल्लाह इब्न हिशामला पैगंबरांकडे घेऊन आल्या आणि याच्याकडूनही निष्ठेची शपथ घ्या म्हणाल्या. हा अजून लहान आहे असे सांगून त्यांनी शपथ घेतली नाही. मात्र डोक्यावरून हात फिरवून दुआ दिली. पुढे हाच अब्दुल्लाह म्हातारपणी नातवाला घेऊन बाजारात धान्य खरेदीला जाई. तिथे इब्न उमर आणि इब्न जुबैर यांच्यासारखी मातबर मंडळी भेटत आणि म्हणत, तुम्हाला बरकतीची दुआ मिळालेली आहे, आम्हालाही भागीदार करून घ्या. तोही त्यांना सामील करून घेई. कधी कधी एका उंटाच्या ओझ्याएवढा पुरता नफा होई. लहानपणी डोक्यावर फिरलेला हात या माणसाने आयुष्यभर इतरांसोबत वाटून घेतला. तुमच्या शेजारच्या पणजीचा हात बाळाच्या डोक्यावर होता ना, तो या आठवणीतून आलेला आहे.

तुम्ही पाहिलेले जावळही याच धाग्यातले. जावळाच्या वजनाइतकी चांदी गरिबांना द्यावी, असा संकेत आहे. पैगंबरांच्या कन्या बीबी फातिमा यांनी आपल्या मुलाचे, हसनचे, जावळ तोलले तेव्हा ते एक दिरहम किंवा त्याहून थोडे कमी भरले, असे सांगितले आहे. म्हणजे जेमतेम चिमूटभर चांदी. अकीक्याचे मटणही नातेवाईक, शेजारी आणि गरिबांत वाटले जाते. बाळाने अजून काही कमावलेले नाही, तरी त्याच्या नावावरचा पहिला व्यवहार देण्याचा असतो. रोजी मागायच्या दिवशीच त्याच्या हाताला देण्याची सवय लावली जाते.

आता दुसरी शंका, म्हणजे लिहिलेलेच आहे तर मागायचे कशाला. गर्भात जीव फुंकला जातो तेव्हा फरिश्ता त्या जिवाची रोजी, आयुष्य आणि कर्म लिहितो, अशी हदीस आहे, हे तुम्ही ऐकलेले बरोबर आहे. याचे उत्तर मी वादाने देण्यापेक्षा एका जुन्या प्रसंगाने देते.

हजरत इब्राहिम यांनी पत्नी बीबी हाजरा आणि तान्हा मुलगा इस्माईल यांना मक्केच्या दरीत आणून सोडले. तेव्हा तिथे पीक नव्हते, पाणी नव्हते, माणूस नव्हता. सोबत दिली ती एक खजुरांची थैली आणि एक पाण्याची मसक. ते परत निघाले तेव्हा हाजरा मागोमाग आल्या, पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. ही अल्लाहची आज्ञा आहे का, या प्रश्नाला होकार आला, तेव्हा, मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही, असे म्हणून त्या मागे वळल्या. इब्राहिम नजरेआड झाल्यावर थांबले आणि त्यांनी हात उचलले. त्यांची ती दुआ कुरआनात 'इब्राहिम' याच नावाच्या सूरेत (अध्यायात) आहे. तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी त्यांनी मागितले की माझ्या लेकरांनी नमाज कायम राखावी. मग मागितले की लोकांची मने त्यांच्याकडे ओढली जावीत. फळांची रोजी त्यानंतर आली, आणि तीही कृतज्ञता उपजावी म्हणून. उपाशी दरीत उभा असलेला बाप अन्नाआधी माणसे मागतो आहे. कारण माणसे आली की अन्नाची वाट निघते. मक्केचा पुढचा इतिहास तसाच घडला. व्यापारी आले, यात्रेकरू आले आणि ओसाड दरीत दूरदूरची फळे येऊ लागली.

बापाची दुआ झाली. आईने काय केले? मसकेतले पाणी संपले, बाळ तहानेने तळमळू लागले, तेव्हा ती सफा टेकडीवर चढली, उतरली, धावली, मरवा टेकडीवर चढली. अशा सात फेऱ्या. झमझम झऱ्याचे पाणी लागले ते त्यानंतर. लिहिलेले होते म्हणून ती बसून राहिली नाही, आणि दुआ झाली आहे म्हणूनही बसून राहिली नाही. आजही हजला जाणारा प्रत्येक माणूस, राजा असो की मजूर, त्या आईच्या सात फेऱ्या घालतो. तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर मुसलमान असे पायांनी देत आले आहेत.

धर्मशास्त्र्यांनी ते शब्दांतही मांडले आहे. दमास्कसचे विद्वान इब्न अल्-कय्यिम (मृत्यू 1350) यांचे म्हणणे असे की नशिबात फळ लिहिले जाते तेव्हा त्याचे साधनही लिहिले जाते. पोट भरणे लिहिलेले असले तरी ते जेवण्यातून भरते, पीक लिहिलेले असले तरी ते पेरण्यातून येते. दुआ हेही असेच एक साधन आहे. याच इब्न अल्-कय्यिम यांनी नवजात बाळांविषयी एक अख्खा ग्रंथ लिहिला. मुलाला मूल झाले, तेव्हा भेट द्यायला हातात काही नव्हते, म्हणून त्यांनी हा ग्रंथच भेट दिला, असे सांगितले जाते. पैगंबरांनी पक्ष्याचा दाखलाही दिला आहे. तो सकाळी रिकाम्या पोटी निघतो आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततो. भरवसा त्याचाही पूर्ण आहे, पण घरट्यात बसून राहत नाही तो.

कुरआनातली आणखी एक बारीक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जुन्या अरबस्तानात दारिद्र्यापोटी मुले मारली जात, मुलींना जिवंत पुरले जाई. त्याविरुद्ध कुरआनात दोन ठिकाणी मनाई आली आहे. सूरे 'अनआम'मध्ये जे आजच गरिबीत आहेत त्यांना उद्देशून आधी तुमची रोजी आणि मग मुलांची, असा क्रम आहे. सूरे 'इस्रा'मध्ये ज्यांना उद्याच्या गरिबीचे भय आहे, त्यांच्यासाठी आधी मुलांची रोजी आणि मग तुमची, असा क्रम आहे. भाष्यकारांनी हा फरक जपून टिपला आहे. ज्याला आज भूक आहे त्याला आधी त्याच्या ताटाची हमी, आणि ज्याला उद्याची धास्ती आहे त्याला सांगणे की येणारे मूल आपली रोजी घेऊन येते, तुझ्या वाट्यातून काढून घेत नाही. रोजीची दुआ मागणे म्हणजे हे मान्य करणे की हे मूल ओझे नाही. ज्या घरात मुलगी झाली म्हणून आजही तोंडे पडतात, त्या घराने हे दोनदा ऐकावे.

मुलींचाच विषय निघाला म्हणून सांगते. कुरआनात मूल आणि रोजी यांचे जे सर्वांत सुंदर दृश्य आहे, ते एका मुलीचे आहे. आईने पोटातले मूल अल्लाहच्या सेवेला वाहिले होते आणि झाली मुलगी. तिचे नाव मरियम ठेवून आईने तिच्यासाठी आणि तिच्या पुढच्या वंशासाठी संरक्षण मागितले. पुढे तिचा सांभाळ करणारे हजरत जकरिया तिच्या प्रार्थनेच्या खोलीत जात, तेव्हा दर वेळी तिच्यापाशी अन्न असे. कुठून आले विचारले की ती सांगे, अल्लाहकडून. ते ऐकून त्या निपुत्रिक वृद्धाने तिथेच हात उचलले आणि चांगले मूल मागितले. एका लहान मुलीने म्हाताऱ्याला मागायला शिकवले!

तिसरी शंका ठरलेल्या प्रार्थनेची. इब्राहिम, जकरिया, मरियमची आई यांच्या दुआ कुरआनात आहेत आणि लोक त्या अरबीतून म्हणतात. 'फुरकान' सूरेत जोडीदार आणि मुले डोळ्यांना गारवा देणारी ठरावीत, अशी दुआ आहे. 'अहकाफ' सूरेत चाळिशी गाठलेला माणूस आपल्या आईबापांविषयी कृतज्ञता आणि आपल्या मुलांचे भले एकाच दमात मागतो. पैगंबर आपल्या हसन आणि हुसैन या नातवांसाठी संरक्षणाची दुआ म्हणत आणि हजरत इब्राहिमही आपल्या दोन्ही मुलांसाठी हेच मागत, असे सांगत. लहानग्या इब्न अब्बासला जवळ घेऊन त्यांनी त्याच्यासाठी ज्ञान मागितले होते. तेही रिज्कच.

पण तुम्हाला वाटते तसा एकच एक बांधलेला पाठ नाही. हे शब्द इतक्या वेळा म्हटले की इतके धन, अशा हिशेबांना कुरआन-हदीसचा आधार नाही. नमाजचे पठण अरबीत होते, पण नमाजनंतर हात उचलून माणूस आपल्या भाषेत मागतो. कोकणातली आजी आपल्या बोलीत मागते, मराठवाड्यातली दखनीत मागते, मराठीतही मागतात. भाषेवरून दुआ अडत नाही.

अडते ती दुसऱ्याच कारणांनी, आणि मला या उत्तरात मुख्यतः हेच सांगायचे होते. लेकरासाठी मागितलेली दुआ मागणाऱ्यालाच बांधून घेते. एका हदीसीत दूरचा प्रवास करून आलेला, धुळीने माखलेला माणूस आहे. तो हात पसरून देवाला हाका मारतो. पण त्याचे खाणे, पिणे, कपडे सगळे हरामच्या कमाईचे, मग त्याची हाक कशी पोचावी, असे तिथे विचारले आहे. म्हणजे बाळासाठी रिज्क मागणाऱ्या बापाने आधी आपली कमाई तपासायची. दुसरी अट वाटणीची. नुमान इब्न बशीर यांच्या वडिलांनी त्यांना एकट्याला भेट दिली आणि पैगंबरांना साक्षीला बोलावले. सगळ्या मुलांना असेच दिले का, असे त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर साक्ष द्यायला नकार दिला. एका मुलासाठी बरकत मागून दुसऱ्याच्या ताटात कमी वाढता येत नाही.

आणि तिसरी अट जिभेची. आईबापाची दुआ कबूल होणाऱ्या दुआंत गणली आहे. त्याच कारणाने, रागाच्या भरात आपल्या मुलांना शाप देऊ नका, कोण जाणे ती घडी कबुलीची असेल, असेही बजावून ठेवले आहे. आपल्याकडे आया दिवसातून दहादा 'मेल्या', 'मुडद्या' म्हणतात. त्यात माया असते हे मला ठाऊक आहे. तरीही सांगते, ज्या तोंडाने सकाळी लेकराचे आयुष्य मागितले, त्याच तोंडाने दुपारी त्याचे मरण बोलू नये.

ताई, तुम्ही संकोच करू नका. एखाद्या दुपारी त्या पणजींकडे जा आणि बाळासाठी काय मागितले ते विचारा. त्या आनंदाने सांगतील. सांगून झाल्यावर तुम्ही 'आमीन' म्हणा. त्याचा अर्थ एवढाच की, हे मागणे कबूल होवो. दुसऱ्याच्या लेकरासाठी हे म्हणायला कोणत्याच धर्माची आडकाठी नाही.